शुगर ४८ आली आणि ग्रुपवर टाळ्या पडल्या

मधुमेह 'रिव्हर्स' करून देतो म्हणणाऱ्यांच्या शेकच्या पाकिटांपायी माझे गेले एकूण ५६,८९० रुपये. आकडा आधी सांगते, कारण घरातही सगळ्यांनी तोच आधी विचारला. जॉइनिंग २,९५०. तीन महिन्यांच्या पाकिटांचे ३८,४००. 'कोच'ची फी ६,५००. त्यांच्याच ओळखीच्या लॅबमधलं पॅकेज १,८००. आणि शेवटी दवाखान्याचं बिल ७,२४०.

आता लगेच 'शिकलेली बाई असून' म्हणू नका. मी सोलापुरातल्या एका गारमेंट युनिटचे हिशेब बघते. शाळांच्या गणवेशांच्या ऑर्डरी, जीएसटी, कारागिरांची मजुरी, सगळं माझ्या हाताखालून जातं. कुणी मधुमेहाचा काढा नाहीतर मंतरलेलं पाणी घेऊन आलं असतं, तर मी त्याला चहासुद्धा विचारला नसता. हे लोक खरी गोष्ट घेऊन आले होते. माझा राग त्याच्यावर आहे.

ब्रिटनमधला 'डायरेक्ट' नावाचा अभ्यास खरा आहे. न्यूकॅसलचे रॉय टेलर आणि ग्लासगोचे माइक लीन यांचा. डिसेंबर २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. जेवण पूर्ण बंद, फक्त शेक आणि सूप, रोज ८२५ ते ८५३ कॅलरी, तीन ते पाच महिने, मग हळूहळू जेवण सुरू. वर्षानंतर ४६ टक्के लोकांची साखर गोळ्यांशिवाय आटोक्यात होती. पैसे भरायच्या आधी मी स्वतः शोधून वाचलं. जुळे सोलापुरातल्या एका मंगल कार्यालयात या लोकांचा कार्यक्रम होता, तिथं पडद्यावर तेच आकडे होते, अगदी बरोबर. मग संशय यायचा कशाला?

पडद्यावर काय नव्हतं ते ऐका. त्या अभ्यासात मधुमेह होऊन सहा वर्षांहून जास्त झालेला माणूस घेतलाच नव्हता. मला अकरा वर्षं झालीत. इन्सुलिनवाले घेतले नव्हते. इथं माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या काकांच्या पिशवीत इन्सुलिनचं पेन होतं, आणि त्यांच्याकडूनही फॉर्म भरून घेतला. तिकडे शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या, तपासायला डॉक्टर-नर्स होते. आणि दोन वर्षांनी ४६ चे ३६ टक्के झाले होते. हे कोण सांगणार? स्टेजवर कोट घालून उभा असलेला 'डॉक्टर' कशाचा डॉक्टर, हे मी विचारलं, तर 'वेलनेसचे' असं उत्तर आलं. आणि लोक हसले, माझ्याकडे बघून.

मला तिथं नेणारी बाई आमच्या भिशीतली. 'वैनी, नुसतं ऐकून तर या की.' तिला काय मिळालं असेल, ते तुम्हाला सांगायला नको.

आता ती संध्याकाळ, जी आठवली की अजून झोप उडते. पाकिटं घरी आली आणि मी मागचा मजकूर वाचला. वाचला नाही असं नाही. एक पाकीट ३५ ग्रॅम, १३२ कॅलरी, प्रथिनं ७ ग्रॅम. दिवसाला चार पाकिटं. चार गुणिले १३२ करायला मला कॅल्क्युलेटर लागत नाही. ५२८. तिकडे सव्वाआठशेच्या वर आणि इथं ५२८! प्रथिनं दिवसभरात २८ ग्रॅम. आणि घटकांच्या यादीत पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिन. जे सगळ्यात जास्त ते पहिलं लिहावं लागतं, हे मला माहीत होतं. माल्टोडेक्स्ट्रिन रक्तात भराभर साखर चढवतं. म्हणजे मधुमेहाच्या बाईला शंभराहून जास्त रुपयांना एक पुडी, त्यात जवळजवळ पिठीसाखरच. दुसऱ्यांच्या बिलातला दोन रुपयांचा फरक मी पकडते, आणि इथं आकडे समोर छापलेले होते. तेवढ्यात कोचचा फोन. 'अक्का, पहिल्या शेकचा फोटो टाका, सगळे वाट बघतायत.' फोटो टाकला. फुलं आली, बदाम आले. गुणाकार मागे पडला. पण अकरा वर्षं भाकरीचा तुकडाही मोजून खाणाऱ्या माणसाला कुणी 'सुटाल' म्हटलं, तर त्याचं डोकं जागेवर राहतं का, तुम्हीच सांगा.

गोळ्यांचं मी कोचला स्पष्ट विचारलं होतं. मेसेज अजून आहे. उत्तर आलं, 'चालू ठेवा, शरीर आपोआप सोडेल. डॉक्टरांना आत्ताच सांगू नका, ते घाबरवतात.' हे वाक्य कुणाच्याही तोंडून आलं की तिथून उठा. चप्पल नंतर शोधा.

मी ग्लिमेपिराइड घेते. ही गोळी पोटात अन्न आहे की नाही ते बघत नाही, इन्सुलिन सोडायला लावते. जेवण इतकं तोडायचं तर डॉक्टर ती आधी कमी करतात किंवा थांबवतात. माझं व्हायचं तेच झालं. घाम, हात थरथर, डोळ्यांपुढे अंधार. मशीनवर ४८. सत्तरच्या खाली गेली की धोका. मुलगी घाबरून ग्रुपवर विचारतेय, आईची शुगर ४८ आहे, काय देऊ? कोचचं उत्तर: 'अभिनंदन अक्का! बॉडी रिव्हर्स होतेय!' खाली टाळ्यांची रांग. शेजारणीने साखरेचं पाणी पाजलं म्हणून मी आज हे लिहितेय. पुढच्या कार्यक्रमाच्या पोस्टरवर माझा फोटो होता, 'आधी २१२, आता नॉर्मल'.

पैसे परत मागितले तर उघडलेला बॉक्स चालत नाही म्हणे. वर, 'तीन जणींना जोडा, तुमचे वसूल होतील.'

पोलीस ठाण्यात साहेबांनी पावती बघितली. तिच्यावर 'आरोग्य सल्ला शुल्क' लिहिलंय, पाकिटांचा उल्लेख नाही, पैसे यूपीआयने कुणाच्या तरी खासगी खात्यात. 'सल्ला दिला ना त्यांनी? मग फसवणूक कुठली? स्वखुशीने दिलेत. सिव्हिल मॅटर आहे.' दुसऱ्या सरकारी कार्यालयात एक टेबल म्हणालं, हे अन्न आहे, पण तुमची तक्रार आजार बरा करण्याच्या दाव्याची, ती औषधवाल्यांकडे. औषधवालं टेबल म्हणालं, हे औषध नाही, पाकिटावर अन्नाचा चौदा आकडी नंबर आहे, पलीकडे जा. पलीकडे म्हणजे जिथून आले तिथंच. तो नंबर म्हणजे धंद्याला परवाना, दाव्याला मंजुरी नाही, हे मी त्यांना सांगायचं! एकाने विचारलं, जाहिरात छापील आहे का? मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे आणि त्यात तोंडी केलेली घोषणाही जाहिरातच धरली आहे. कलम दाखवलं तर म्हणाले, 'मॅडम, तुम्ही वकील आहात का?' ऑनलाइन केलेली तक्रार 'कंपनीने उत्तर दिले आहे' म्हणून बंद. काय उत्तर दिलं, ते मला कुणी दाखवलं नाही. एका साहेबांनी तर हळूच विचारलं, वजन किती उतरलं हो?

शेक पिऊन साखर उतरवायचीच असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांकडे गोळ्यांची चिठ्ठी घेऊन जा. कोण 'रिव्हर्स झालं' म्हणालं तर उपाशीपोटीचा आकडा नको, गोळ्या थांबवून तीन महिन्यांनंतरचा एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, मागा, साडेसहाच्या खाली हवा. पावतीवर वस्तूचं नाव आणि जीएसटी नंबर नसेल तर पैसे देऊ नका. ग्रुपमधून रागाने बाहेर पडू नका, आधी सगळे मेसेज साठवून घ्या; मला काढून टाकल्यावर निम्मे पुरावे गेले.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही. मी अर्ज केलाय, सोबत सील न फोडलेला एक बॉक्स आणि ५२८ चा हिशेब जोडलाय. त्या मंगल कार्यालयात ज्यांनी फॉर्म भरले त्यांनी आपल्या पावत्या काढा आणि स्वतंत्र अर्ज करा. इन्सुलिनच्या पेनवाल्या काकांना कुणी ओळखत असेल, तर त्यांना आजच फोन करा.