आधी पाठ दाखव, मग भाव सांग

मार्चमध्ये माझ्या संग्रहातल्या जुन्या खेळाच्या आणि चित्रांच्या कार्डांसाठी जे सामान घेतलं, त्याचं नोव्हेंबरपर्यंत काय झालं ते लिहितोय. घेतानाच ठरवलं होतं, एक उन्हाळा आणि एक पावसाळा निघाल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही. पार्सल फोडून दाखवणारे पुष्कळ आहेत. त्यात ठेवलेलं कार्ड पोळ्यापर्यंत कसं राहतं, ते कोणी सांगत नाही. आणि सांगतात ते पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधलं सांगतात. माझं घर यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यापासून बारा किलोमीटरवर, अर्धं मातीचं, अर्धं टिनाचं. गावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. त्याचा या प्रकरणाशी संबंध आहे, पुढे येईलच.

माझ्याकडे ४१२ नग आहेत. निम्म्याहून जास्त डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कुस्तीगिरांची ट्रम्प कार्डं, काही बिग फन गमसोबत यायची ती क्रिकेटची चित्रं, काडीपेटीचे छाप, आणि हल्ली घेतलेली थोडी इंग्रजी सिगारेट कार्डं, म्हणजे सिगारेटच्या पाकिटात यायची ती चित्रं. ट्रम्पचं वेगळं सांगायला नको. रँक, उंची, वजन, छाती, बायसेप्स. शाळेच्या ओट्यावर बसून 'वजन!' असं ओरडलं की समोरच्याचं कार्ड आपलं. सिगारेट कार्डांचं वेड मात्र सी. के. नायडूंमुळे लागलं. माणूस नागपुरात जन्मलेला, १९३२ साली लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचा कर्णधार. त्या काळातली चित्रं हातात धरावीशी वाटली, एवढंच.

आता सामान. पातळ पेनी स्लीव्ह, म्हणजे एका कार्डापुरत्या प्लास्टिकच्या पिशव्या, ५००, टॉपलोडर, म्हणजे एका कार्डाची कडक प्लास्टिकची खोळ, ५०, नऊ खिशांची पानं ३० आणि त्यांची रिंगवाली फाईल, रबरी कडेचा हवाबंद डबा, सिलिका जेल, आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर, दहापट भिंग आणि ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च. सगळं मिळून चार हजार तीनशे. घरी सांगितलेला आकडा वेगळा आहे.

सगळ्यात कामाचं काय निघालं, तर मीटर. अडीचशे रुपयांची वस्तू. एप्रिल-मे म्हणजे आमच्याकडे हवा भाजलेल्या पापडासारखी. दुपारी बाहेर मीटर ठेवलं तर १५ टक्के. मला वाटायचं, कोरडं आहे म्हणजे कागदाला उत्तम. पण उन्हाळ्यात आम्ही राहतो कूलरपुढे. वाळ्याच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी, रात्रभर घरघर. त्याच खोलीत मीटर ७० दाखवायला लागलं. दिवसा कूलर बंद, मीटर २० वर. रात्री परत ७०. महिनाभर हा झोका. उघड्यावर ठेवलेली सहा कार्डं मेच्या अखेरीस पन्हाळीसारखी वाकली.

वाकली तीही सगळी एकाच बाजूला, चित्राकडे. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. चित्राच्या बाजूला चकाकी असते, पाठीला नुसता पुठ्ठा. ओल पाठीतून शिरते, पाठ फुगते, चित्राची बाजू तेवढी ताणत नाही, म्हणून कार्ड चित्राकडे मुडपतं. डब्यातली मात्र सरळ होती. म्हणजे विदर्भात कार्डाचा वैरी उन्हाळा नाही, उन्हाळ्यातला कूलर आहे. पावसाळ्यात निदान माणूस सावध असतो.

पावसाळ्याचं काम सिलिका जेलने चोख केलं. केशरी दाणे घ्या, ओल प्याले की हिरवे पडतात. निळ्यात कोबाल्ट असतं, ते घरात नको. हिरवे पडले की मंद आचेवर जुन्या तव्यावर परतायचे, पुन्हा केशरी. श्रावणात हे मी आठवड्याला करत होतो. आई चुलीशी येऊन म्हणाली, "हे काय भाजून रायला बे? भगर होय काय?" तो तवा आता स्वयंपाकातून बाद आहे आणि त्यावरून अजून ऐकून घेतो.

फाईलवर मी नाराज आहे. गोल रिंगांची घेतली, तिथेच चुकलो. पानं उलटताना रिंगजवळच्या कार्डांवर दाब येतो आणि त्या रांगेत कडेला बारीक वळी पडते. एका सपाट बाजूची, इंग्रजी डी अक्षरासारखी रिंग घ्या. पानं पॉलिप्रॉपिलीनची, त्यांना आठ महिन्यांत काही झालं नाही. मऊ पीव्हीसीची पानं फुकट मिळाली तरी नको. ओळखायला वास पुरतो, नव्या रेनकोटचा वास आला की परत करा. जत्रेतून घेतलेल्या फोटो अल्बममध्ये माझी अकरा कार्डं वर्षानुवर्षं होती. काढायला गेलो तर हल्क होगनचा अर्धा चेहरा प्लास्टिकवर राहिला.

माप हीसुद्धा कटकट आहे. ही पानं अडीच बाय साडेतीन इंचाच्या कार्डांसाठी असतात, टॉप्स या अमेरिकन कार्ड कंपनीने १९५७ पासून धरलेलं माप. काडीपेटीचा छाप त्या खिशात विहिरीत पडलेल्या बेडकासारखा. मी जुन्या फॉर्मच्या कोऱ्या जाड कागदाचे कोपरे कापून त्यात छाप बसवतो. डिंक नाही, चिकटपट्टी नाही. टॉपलोडर ठीक, पण आत आधी पातळ स्लीव्ह हवीच, नाहीतर कार्डावर ओरखडे. आणि दुकानातल्या टिनाखाली ठेवू नका, माझे तीन मऊ होऊन मुरडले. डांबराच्या गोळ्या प्लास्टिकजवळ नको. कसर लागते ती अस्वच्छ कपाटाला, डबा पुसून कोरडा असला की गोळीची गरज पडली नाही.

टॉर्चबद्दल मला जास्त लिहायचं आहे, कारण तिने माझे अकराशे रुपये गेल्याचं सांगितलं.

जूनमध्ये एकाकडून ऑनलाइन एक सिगारेट कार्ड घेतलं. 'तीसच्या दशकातलं, ओरिजिनल, एकच नग.' फोटो एकच, समोरचा. इंग्रज फलंदाज, पांढरा स्वेटर, कोपरे सुईसारखे. आम्ही कोपऱ्यांना भुलतो, मीही भुललो. कार्ड आलं, रात्री दिवा बंद करून टॉर्च मारली तर ट्यूबलाइट पेटल्यासारखं निळसर उजळलं. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात जी चमकद्रव्यं घालतात, ती दुसऱ्या महायुद्धानंतरची. इंग्लंडात सिगारेट कार्डं तर युद्धातल्या कागदटंचाईने १९४० मध्ये बंदच पडली. म्हणजे तीसच्या दशकातल्या कार्डाने असं उजळायचं काही कारण नाही. उलट मात्र धरू नका. उजळलं नाही म्हणजे जुनंच असं नसतं, आणि धुण्याच्या पावडरीचा हात लागला तरी डाग उजळतो. टॉर्चने संशय घ्यायचा, निकाल द्यायचा नाही.

मग कार्ड उलटलं आणि भिंग लावलं. पाठीवर सगळ्यात खाली एका ओळीएवढी जागा ब्लेडने खरवडलेली. पुठ्ठ्याची लव उभी राहिलेली. तिथे काय असेल ते या छंदात दोन वर्षं काढलेला कोणीही सांगेल. प्रामाणिक पुनर्मुद्रणावर पाठीमागे 'ही नक्कल आहे' अशा अर्थाचं छापलेलं असतं. नक्कल विकणं हा गुन्हा नाही, मी स्वतः नकला घेतो. ती ओळ खरवडणं हा बदमाशीचा भाग. विकणाऱ्याला फोटो पाठवले, तो म्हणाला, "भाऊ, मले जसं भेटलं तसं देल्लं." पैसे गेले ते गेले.

आणि मग मला उमगलं की मी इतकी वर्षं जे बघतोय त्यात पाठ कुठेच नाही. विकायला टाकलेली दहा कार्डं बघा, नऊंचा समोरचाच फोटो. सगळी भानगड मात्र मागे. वहीत चिकटवून उपटलेलं कार्ड मागून कळतं. ओल खाल्लेलं मागून कळतं. छपाईचं साल, पत्ता, किंमत, सगळं मागे किंवा पाकिटाच्या पाठीवर. आपल्या ट्रम्प कार्डांवर साल छापलेलं मला तरी दिसलेलं नाही, त्यामुळे काळ काढायचा तर पत्त्यावरूनच. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. 'मुंबई' लिहिलं असेल तर बहुतेक १९९५ नंतरचं. 'बॉम्बे' असेल तर आधीचं असू शकतं, पण नावात जुनं बॉम्बे धरून ठेवणारे छापखाने होते, म्हणून तिथे घाई नको. छापावर 'नये पैसे' दिसलं तर १९५७ ते १९६४ मधलं. चित्राकडे कितीही टक लावली तरी यातलं काही कळत नाही.

याच दरम्यान दुकानात एक पोरगा आला. मोबाईलमध्ये जुन्या कार्डांचे स्कॅन, कडा-बिडा नीट कापलेले.

"काका, तीनशे जीएसएमच्या जाड कागदावर असे शंभर काढून देता का?"

"मागून काय छापू?"

"मागून कोरं ठेवा ना. त्याचं काही नाही."

"मागून 'नक्कल २०२५' टाकतो, मग काढून देतो."

तो थोडा वेळ उभा राहिला, मग म्हणाला, "मंग कोन घेईन त्याले?" आणि गेला. चारशे रुपयांचा धंदा होता. मला त्याचा राग नाही आला, खरं सांगतो. मागचं कोणी विचारत नाही हे त्याला आमच्याकडूनच कळलेलं.

कोणी म्हणेल, ग्रेडिंग करून घ्या, म्हणजे कंपनी कार्ड तपासून दर्जाचा नंबर देते आणि बंद डब्बीत घालते, विषय संपला. माझं मत वेगळं आहे. जगातलं सगळ्यात गाजलेलं कार्ड म्हणजे बेसबॉलपटू होनस वॅगनरचं, अमेरिकन टोबॅको कंपनीच्या १९०९ ते १९११ मधल्या टी२०६ मालिकेतलं. त्यातला सर्वांत देखणा नग १९९१ मध्ये आईस हॉकीपटू वेन ग्रेट्स्कीने भागीदारीत ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतला. पीएसए ही ग्रेडिंग कंपनी त्याच वर्षी सुरू झाली, तिने तपासलेलं पहिलं कार्ड हेच, आणि दहापैकी आठ दिले. पुढे २०१३ मध्ये लिलाववाला बिल मास्त्रो याने कोर्टात कबूल केलं की त्या कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या. म्हणजे ज्या सुरेख कोपऱ्यांवर लोक भाळले, ते कात्रीचे होते. डब्बीवर नंबर होता, पण कापाकापीचं लिहिलेलं नव्हतं. आणि दोनशे रुपयांच्या ट्रम्प कार्डासाठी समुद्रापार टपाल करायचं, तर कार्डापेक्षा पाकीट महाग.

म्हणून आमच्या आठ-दहा जणांच्या फोन ग्रुपात मी एक हट्ट धरलाय. फोटो तीन. समोरून, मागून, आणि खिडकीतून तिरपा उजेड पाडून एक, त्यात वळ्या आणि कडांची कापाकापी लपत नाही. शेजारी शाळेची पट्टी, म्हणजे कडा छाटून कार्ड आखूड झालं असेल तर कळावं. आणि दोष विकणाऱ्याने स्वतःच लिहायचे. सुरुवातीला लोक वैतागले. "लग्नाची पोरगी पाहून रायला काय तू?" असं एकजण म्हणाला. ही उपमा मला आवडली नाही, पण माणसाने पाठीचे फोटो टाकले. त्याचे चार नग माझ्याआधी दुसऱ्यांनी उचलले, तेही त्याने सांगितलेल्या भावात, घासाघीस न होता. एकजण मात्र अजून ऐकत नाही. त्याच्याकडून मी घेणं बंद केलं आणि त्याच्याकडे चांगला माल आहे, याचं वाईटही वाटतं.

दुसरा हट्ट यादीचा. आपल्या कार्डांच्या कुठल्या मालिकेत किती नग होते, कोणाचे दोन-दोन रंग निघाले, हे पाठीवर छापलेल्या क्रमांकांवरूनच जोडावं लागतं. मी दोनशे पानी वहीत उतरवतोय. अंडरटेकरपाशी अडकलोय, माझ्याकडे त्याची तीन वेगवेगळी कार्डं आहेत आणि छाती तिन्हीवर वेगळी.

लॅमिनेशनचंही सांगून टाकतो. आठवीत असताना माझी सगळ्यात लाडकी बारा कार्डं दारव्ह्याला नेऊन लॅमिनेट करून आणली होती, आठ दिवसांच्या खाऊचे पैसे घालून. गरम डिंक कागदाच्या लवेत उतरला की सुटत नाही. ती बाराही कायमची गेली. आता माझ्याच दुकानात मशीन आहे आणि जुनी कार्डं घेऊन आलेल्याला मी परत पाठवतो. गिऱ्हाईक म्हणतं, मशीन खराब आहे काय?

परत घेईन का? मीटर, डबा, जेल, स्लीव्ह, डोळे झाकून. टॉपलोडर मोजकेच. टॉर्च हो, पण भिंग आधी. फाईल नाही.

यवतमाळच्या एका कबाड्याकडून रद्दीत मिळालेलं एक कार्ड आहे. पैलवानाच्या चित्रावर आडवी घडी, कोपरे गेलेले, चाळीस रुपयांचाही माल नाही. पाठीवर शिसपेन्सिलने लिहिलंय, 'वर्ग ६ अ, हजेरी ३१, चोरू नये'. ग्रुपात दोघांनी सुचवलं, खोडरबरने हलकं पुसून घे, भाव सुधारेल. मी ते फाईलच्या पहिल्या पानात मधल्या खिशात घातलं, पाठ वर करून. मग शेजारची आठही उलटली, आणि हळूहळू सगळी फाईलच. आता घरी कोणी बघायला आलं की पहिलं पान उघडून विचारतं, "भाऊ, उलटी धरली काय मी?"