फुकेटचा कॉन्डो आणि दगडाखालचा हात

फेब्रुवारी २०२३ मध्ये मी थायलंडमधल्या फुकेटला माझ्याच खोलीच्या दारासमोर उभा होतो आणि आतून लहान मूल रडत होतं. चार दिवसांपूर्वीच भाड्याचं बघणाऱ्या कंपनीचं ईमेल आलं होतं, ‘सर, तुमचं युनिट अजून रिकामंच आहे, मार्केट थंड आहे.’ बेल वाजवली. एका रशियन बाईने दार उघडलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला रशियन. तिने मोबाइलवर भाषांतर करून दाखवलं: दोन महिन्यांचं भाडं आगाऊ भरलंय, पावती आहे. तिच्यामागे बाल्कनीत पोहायचं फुगवायचं पिवळं बदक वाळत टाकलेलं. त्या बाईचा काय दोष? मी ‘सॉरी’ म्हणून खाली आलो आणि स्विमिंग पूलच्या कडेला बराच वेळ नुसता बसून राहिलो.

फुकेटला खोली आणि मी भोसरीत छोटं वर्कशॉप चालवणारा माणूस, हे जुळलं कसं, ते सांगतो. २०१८ च्या अखेरीस पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात ‘परदेशात घर, दरमहा भाडं’ असा कार्यक्रम होता. चहा-सँडविच, मध्ये टेबलावर इमारतीचं मॉडेल, त्यात निळ्या काचेचा पूल. एजंट मराठी, मावसभावाच्या ओळखीतला, पंचविशीतला. मला काका, हिला काकू. हिशोब त्याने पेपर नॅपकिनवर मांडला. खोली २८ चौरस मीटर, किंमत ३४ लाख बाट. तेव्हा बाट सव्वादोन रुपयांच्या आसपास, म्हणजे साडेशहात्तर लाख. तीन वर्षं सात टक्के भाड्याची लेखी हमी, म्हणजे महिन्याला साधारण ४४ हजार रुपये. ‘काका, तुम्ही राहत्या घरावर ४० लाखांचं टॉप-अप कर्ज घ्या, पंधरा वर्षं, नऊ टक्के. हप्ता साडेचाळीस हजार. भाड्यातून हप्ता जाऊन वर चार हजार उरतात.’

हा नॅपकिन मी जपून ठेवलाय. त्यातली एकही बेरीज चुकलेली नाही, हे विशेष.

तीन रात्रींची साइट व्हिजिट त्यांच्या खर्चाने झाली. ऑफिसात जमिनीचा कागद दाखवला, वर लाल गरुडाचा शिक्का. थायलंडमध्ये जमिनीच्या पक्क्या मालकीच्या कागदावर, त्याला ते चानोट म्हणतात, लाल गरुड असतो. हे खरंच आहे. ही एकदम खूश. ‘विष्णूचं वाहन आहे हो, चांगलं लक्षण.’ कागद अस्सलच होता. फक्त तो जमिनीचा होता आणि बिल्डरच्या नावाचा होता. माझ्या खोलीशी त्याचा संबंध एवढाच की खोली त्या जमिनीवर उभी होती.

थायलंडच्या १९७९ च्या कॉन्डोमिनियम, म्हणजे फ्लॅटच्या इमारतींच्या, कायद्याप्रमाणे एका इमारतीत विक्रीयोग्य क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी माणसांच्या मालकीचं असू शकतं. आम्हाला सांगितलं, परदेशी कोटा संपला, म्हणून लीजहोल्ड, म्हणजे भाडेपट्ट्याने, घ्या, तीस अधिक तीस अधिक तीस, नव्वद वर्षं. मी जरा कचरलो. एजंट म्हणाला, ‘काका, तुमचे एमआयडीसीचे प्लॉटसुद्धा पंच्याण्णव वर्षांच्या लीजवरच आहेत ना?’ यावर मी गप्प. माझ्या शेडचा प्लॉट तसाच आहे, त्याला ते माहीत होतं. दाखला आपल्याच घरातला दिला की माणूस पुढचा प्रश्न विचारायचं विसरतो.

तो पुढचा प्रश्न असा होता: लीज नोंदवणार कधी? तिथल्या कायद्यात भाडेपट्टा एका वेळी जास्तीत जास्त तीस वर्षांचा असतो. पुढची तीस-तीस वर्षं हा फक्त शब्द. आणि तीन वर्षांवरचा भाडेपट्टा लँड ऑफिसात नोंदवला नाही तर तो तीनच वर्षांपुरता धरला जातो. माझा नोंदवलेलाच नव्हता. ‘नंतर करू’, ‘सगळ्यांचं एकदम करू’ यात चार वर्षं गेली. म्हणजे फुकेटमध्ये त्या दारासमोर उभा होतो तेव्हा कायद्याने मी धड भाडेकरूही नव्हतो. करार थाई आणि इंग्रजी अशा दोन भाषांत होता आणि शेवटून दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, फरक पडल्यास थाई मजकूर खरा. मी इंग्रजीसुद्धा पूर्ण वाचलं नव्हतं, खोटं कशाला बोलू.

खरी मालकी मिळणार असती तर एक खूण आधीच दिसली असती. परदेशी माणसाला कॉन्डोची मालकी हवी असेल तर पैसे परकीय चलनात तिथे जाऊन तिथल्या बँकेत बाट झाल्याचा कागद लँड ऑफिसला लागतो. तो कागद माझ्याकडे कुणी कधी मागितलाच नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये ताबा. सप्टेंबर ते फेब्रुवारी, दोन तिमाहींचे प्रत्येकी ५९,५०० बाट वेळेवर आले. मी मावसभावाला पेढे दिले! मग एप्रिल २०२० मध्ये फुकेटचा विमानतळच बंद झाला आणि कंपनीचं पत्र आलं, दैवी आपत्ती, हमी स्थगित. तेव्हा कुणाच्याच तोंडून तक्रार निघत नव्हती, माझ्याही नाही. १ जुलै २०२१ ला लस घेतलेल्या पर्यटकांसाठी फुकेट उघडलं, पुढे रशियन लोकांची रीघ लागली, पण माझी खोली ईमेलमध्ये रिकामीच.

लोक म्हणतात कोविडने घात केला. मला तसं वाटत नाही. परत आल्यावर मी शेजारच्या इमारतींतल्या तशाच खोल्यांचे जुने भाव काढले: २६-२७ लाख बाट. मला विकली ३४ ला. वरचे सात-साडेसात लाख म्हणजे तीन वर्षांच्या सात-सात टक्क्यांची बेरीज. हमीचं भाडं माझंच होतं. माझ्याकडून आधी घेतलं आणि तिमाही हप्त्यांत परत द्यायचं ठरवलं. कोविडने त्यांचं ते परत देणंही वाचवलं. शिवाय हमी देणारी कंपनी बिल्डर नव्हेच, जवळजवळ त्याच नावाची दुसरी, तिच्या नावावर ना खोली ना जमीन.

एवढं कळल्यावर पुण्यात तक्रार करायला निघालो. पहिल्यांदा डोक्यात महारेरा आलं, कारण पुतण्याचा वाकडचा फ्लॅट घेताना मी स्वतः नोंदणी क्रमांक तपासला होता. पण रेरा भारतातल्या प्रकल्पांना लागू, फुकेटच्या नाही. मग वर्गमित्र वकील आहे त्याच्याकडे गेलो. त्याने चहा मागवला आणि विचारलं, ‘पैसे बाहेर कसे पाठवलेस?’

एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेतून. निवासी भारतीयाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, मी निम्म्याच्याही खाली होतो.

‘आणि पैसे आले कुठून?’

इथे माझी जीभ अडखळली. एलआरएसखाली परदेशात मालमत्ता घ्यायला बँकेने कर्ज द्यायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. टॉप-अपच्या अर्जावर कारण लिहिलं होतं ‘घरदुरुस्ती’. एजंटनेच सांगितलं होतं, सगळे तेच लिहितात. सही माझी.

‘रिटर्नमध्ये दाखवलंस?’

नाही. परदेशी मालमत्तेचा वेगळा तक्ता असतो, त्यात एप्रिल-मार्च नव्हे तर कॅलेंडर वर्ष धरतात, आणि तो न भरल्यास २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. सीएने नंतर जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वकिलाचा चौथा प्रश्न बाकी होता. ‘खोली दिवसावारी देत होते का?’ हो, तीच तर योजना होती, चेक-इन चेक-आउट. थायलंडमध्ये हॉटेलचा परवाना नसताना तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीने खोली भाड्याने देणं २००४ च्या हॉटेल कायद्यात बसत नाही. इमारतीला तो परवाना होता का, हे मी कधी विचारलं नव्हतं.

मित्र हसला नाही. म्हणाला, ‘अरे, तुझा हात दगडाखाली आहे. तू ओरडलास की पहिली चौकशी तुझी.’

तेव्हा मला या धंद्याची खरी कारागिरी दिसली. खोटं बोलून लुबाडणारे पुष्कळ असतात. हे लोक आधी आपल्यालाच एक छोटं खोटं लिहायला लावतात. ‘घरदुरुस्ती’ एवढा एक शब्द. नंतर आपणच त्यांचे साक्षीदार होतो आणि आपणच गप्प बसतो. आमच्या इमारतीत पुणे-ठाण्याचे निदान सातजण आहेत असं पुढे कळलं. फोन केले तर चौघांनी ‘आमचं ठीक चाललंय’ म्हणून ठेवून दिला. त्यांचं ठीक चाललेलं नाही, मला माहीत आहे. एकाच्या खोलीचा नंबर माझ्या शेजारचा आहे.

म्हणून कुणी तुम्हाला परदेशातल्या घराच्या बाबतीत ‘फॉर्मवर एवढं असं लिहा’ म्हणाला, तर कितीही जवळचा असो, तिथेच उठा. स्वतःचा वकील करा, बिल्डरने सुचवलेला नको. मला फुकेटचा वकील ताब्याच्या आधी मिळाला असता तर त्याच्या फीइतकेच पैसे बुडाले असते. आता तर दहा लाखांवर एलआरएसमधून मालमत्तेसाठी पैसे पाठवले की बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, आधीच कापते. रिटर्नमध्ये तो जमा धरता येतो, पण वर्षभर अडकतो. नॅपकिनवरच्या हिशोबात तोही नसणार.

मी शेवटी दगड उचलला. सीएकडून तक्ते भरायला सुरुवात केली, मागच्या वर्षांचं तो निस्तरतोय. फुकेटच्या वकिलाने बिल्डरला नोटीस दिली. तडजोड अशी झाली की थकलेलं भाडं मी सोडायचं, त्यांनी लीज नोंदवून द्यायचं. नोंदणीचा १ टक्का आणि मुद्रांकाचा ०.१ टक्का मीच भरला. तीस वर्षं, एवढंच. आता खोली महिनेवारी देतो. हंगामात बारा हजार बाट येतात, पावसाळ्यात काही नाही. देखभाल महिन्याला १,६८० बाट, ती बारा महिने. पुण्यातला हप्ता २०३४ पर्यंत.

नोंदवलेला कागद घरी आला तेव्हा हिने चष्मा लावून पाहिला. वर गरुड आहे, काळ्या शाईतला.

‘तिथे लाल होता ना हो?’ ती म्हणाली.