नेरूळचं टेनिस कोचिंग, पोराआधी बापाला स्कोअर कळला

पोराला एप्रिलपासून नेरूळमधल्या एका टेनिस कोचिंगला घातलंय. पहिला आठवडा मी बाकावर बसून नुसतं डोकं खाजवत होतो, पंधरा, तीस आणि मग एकदम चाळीस, अरे पंचेचाळीस कुठे गेलं? शेवटी सरांनाच विचारलं, हसले नाहीत बिचारे, म्हणाले काका आकडे सोडा, गेम जिंकायला चार पॉइंट आणि दोनचं अंतर एवढंच धरा. खडूने जमिनीवर लिहून दाखवलं, दोघं चाळीसवर आले की ड्यूस, म्हणजे बरोबरी, मग एक घेतला की ॲडव्हान्टेज, पुढचा घालवला की परत ड्यूस, असं कितीही वेळा!! सहा गेमचा सेट पण ६-५ ला संपत नाही, ७-५ लागतं, आणि ६-६ झालं की टायब्रेक, म्हणजे सेटचा निकाल लावणारा शेवटचा गेम, तिथे मात्र आपलं साधं एक दोन तीन, सातपर्यंत, तेही दोनच्या फरकाने. २०१० च्या विम्बल्डनला इस्नर आणि माहु या दोन खेळाडूंचा पाचवा सेट ७०-६८ गेला कारण तेव्हा तिथे शेवटच्या सेटला टायब्रेकच नव्हता, हे ऐकून आमचं पोरगं पाणी प्यायचं विसरलं.

तक्रार एकच, जूनमध्ये कोर्टवर तळं साचतं, आठ क्लास बुडाले, फी मात्र पूर्ण घेतली, बदली क्लासचं विचारलं की ऑफिसवाल्या मॅडम "बघू" म्हणतात. शिकवण्याला पाच स्टार, ऑफिसला दोन. पावसाळ्यानंतरच ॲडमिशन घ्या.