दीड एकर भात: कोणत्या पद्धतीला कोणतं यंत्र?

शेती मुरबाड-शहापूरला आणि नोकरी कल्याण-ठाण्याला, अशी मंडळी मे उजाडला की विचारू लागतात: आवणीला माणसं मिळत नाहीत, तर लावणी यंत्र सांगू, 'श्री' (कमी बियाण्याची, कोवळ्या रोपांची SRI पद्धत) करू, की एसआरटी (सगुणा राईस टेक्निक, चिखलणी-लावणीशिवाय भात)? या तिघांतून एक उचलण्याआधी दोन ओळींतलं अंतर बघा. यंत्र निवडलं की ते अंतर ठरून जातं, आणि सुधारित पद्धतीतलं अर्धं गणितही अंतराचंच असतं. दोन्ही जुळलं नाही तर लावणीची मजुरी वाचते आणि बेणणीत, म्हणजे तण काढण्यात, दामदुपटीने जाते.

लावणी यंत्रापासून सुरुवात करू, कारण सगळ्यांची नजर त्यावरच असते. मागे चालत चालवायच्या चार ओळींच्या यंत्रात ओळींमधलं अंतर साधारण 30 सेंमी असतं, ते बदलत नाही. दोन चुडांतलं, म्हणजे एका ठिकाणी लावलेल्या रोपांच्या जुड्यांतलं, अंतर तेवढं कमी-जास्त करता येतं. भिवंडी किंवा कल्याणच्या सपाट, सलग जमिनीत हे यंत्र दिवसाला दोन-तीन एकर सहज ओढतं. पण राब भाजून (पालापाचोळा जाळलेल्या जागेवर) वाढवलेलं रोप त्याला चालत नाही, चटई रोपवाटिकाच लागते. प्लास्टिकच्या कागदावर नाहीतर ट्रेमध्ये दोन-अडीच सेंमी चाळलेली माती, त्यावर मोड आलेलं बी, आणि 15 ते 20 दिवसांत रोप तयार. एकरी 80 ते 100 ट्रे लागतात. माती पावसाआधीच चाळून कोरडी ठेवावी लागते, जूनमध्ये भिजलेली माती चाळणीतून उतरत नाही. चिखलणीनंतर एक-दोन दिवस चिखल बसू द्यायचा आणि पाणी दोन-तीन सेंमीच ठेवायचं. पाणी जास्त झालं की रोपं तरंगतात.

आता हेच यंत्र मुरबाडच्या उतारावरच्या दोन गुंठ्यांच्या खाचरात उतरवा. खाचर दहा मीटर रुंद धरलं तर आठ फेऱ्यांत काम संपलं. मग बांधावरून यंत्र उचलून खालच्या खाचरात न्यायचं. वळताना दोन्ही टोकांना पट्टा सुटतो तो हातानेच लावायचा, मध्ये नांगे (रोप न लागलेल्या जागा) पडतात तेही हातानेच भरायचे. अशी वीस-पंचवीस खाचरं असतील तर यंत्राचं भाडं भरूनही चार बायका लावणीला सांगाव्याच लागतात. शिवाय पावसाने आठवडाभर ओढ दिली तर चटईतलं रोप वाट बघत नाही, मुळं गुंतून बसतात. राबातल्या रोपाला तेवढा धीर असतो.

'श्री' पद्धत 1980 च्या दशकात मादागास्करमध्ये फादर लोलानी यांनी बसवली. 8 ते 12 दिवसांचं कोवळं रोप, एका ठिकाणी एकच, 25 बाय 25 सेंमीवर. एकरी दोन किलो बियाणं पुरतं, एरवी वीस किलोच्या वर लागतं. चौरस लावणीमुळे कोनोवीडर (हाताने ढकलायचं तण काढायचं अवजार) उभा-आडवा फिरतो, तण तिथेच चिखलात गाडलं जातं आणि फुटवे भरपूर येतात. कागदावर याच्याइतकी देखणी पद्धत नाही. पण तिचा जीव पाण्याच्या हिशोबात आहे: जमीन ओली ठेवायची, पाणी तुंबू द्यायचं नाही. आपल्याकडे जुलैत वरच्या खाचराचं पाणी आपल्यात आणि आपलं खालच्यात. वरचा शेतकरी बांध कधी फोडेल ते तुमच्या हातात नाही. बोटभर रोप दोन दिवस बुडून राहिलं की संपलं. सगळ्यात वरचं खाचर तुमचं असेल, किंवा शेजारी भाऊबंदच असतील आणि बोलणं-चालणं असेल, तर जरूर करा. यंत्र म्हणून कोनोवीडर आणि चिखलणीला पॉवर टिलर पुरतो.

लहान खाचरांसाठी माझं मत चारसूत्रीला, म्हणजे चार सूत्रांच्या भात लागवडीला. डॉ. नारायण सावंत यांनी ती कोकणात रुजवली. भाताचे अवशेष पुन्हा शेतात, गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला, 15 आणि 25 सेंमी अशा आलटून-पालटून अंतरावर नियंत्रित लावणी आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची 2.7 ग्रॅमची गोळी, सात ते दहा सेंमी खोल. फेकलेला युरिया पहिल्या झडीत ओढ्याला जातो, खोचलेली गोळी जागेवर राहते. पण हिशोब आधी करा: एकरी पंचवीस हजारांच्या वर गोळ्या, म्हणजे साधारण 68 किलो, आणि प्रत्येक गोळी हाताने खोचायची. कंबर मोडते. लावणी यंत्राच्या 30 सेंमी ओळींवर ही मांडणी बसत नाही, त्यामुळे यंत्रावर भात लावून वर गोळ्याही खोचू म्हणाल तर ती चारसूत्री राहत नाही.

एसआरटी नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांची. गादीवाफे एकदाच करायचे, साच्याने 25 सेंमीवर भोकं पाडून बी टोकायचं. चिखलणी नाही, लावणी नाही, कापणीनंतर मुळं जमिनीतच. भातानंतर त्याच वाफ्यावर वाल टोकता येतो, हा तिचा मोठा फायदा. मजुरी सगळ्यात कमी हिलाच, मात्र तणनाशकाची वेळ चुकली तर शेत गवताचं होतं. फक्त शनिवार-रविवार गावी जाणाऱ्याने हे लक्षात घ्यावं. ट्रॅक्टर लागतो तो वाफे पाडायला, तेवढ्यापुरता भाड्याने पुरे. पाणी साचणाऱ्या कोंडीच्या खाचरात मात्र मी बी टोकणार नाही.

ड्रम सीडर (मोड आलेलं बी चिखलावर ओळीत पेरणारं, हाताने ओढायचं यंत्र) स्वस्त आणि हलका, पण पेरल्यावर रात्री जोराची सर आली तर मोड आलेलं बी एका कोपऱ्यात गोळा. पावसाळी भाताला नकोच.

कापणीचं यंत्र निवडताना पेंढ्याचा विचार आधी. कंबाइन हार्वेस्टर लहान खाचरात फिरत नाही आणि पेंढ्याचाही चुरा करतो, तबेलेवाला तो घेत नाही. रीपरने (फक्त कापणी करणाऱ्या यंत्राने) कापून मळणी यंत्रावर झोडलं तर पेंढा शाबूत राहतो. कर्जत-3 सारखं हळवं (लवकर तयार होणारं) भात परतीच्या पावसात सापडतं, तेव्हा रीपरवाल्याला दसऱ्याआधीच सांगून ठेवा.

विकत घेण्याच्या बाबतीत, दीड एकराला लावणी यंत्र घेणं परवडत नाही, भाड्यानेच घ्या. स्वतःचा घ्यायचाच तर पॉवर टिलर घ्या, तो चिखलणीला, वाहतुकीला, उन्हाळी भाजीलाही चालतो. कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात अल्प व अत्यल्पभूधारकांना, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना 50 टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, इतरांना 40, वर रकमेची मर्यादा. अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर करायचा. पूर्वसंमती मिळण्याआधी दुकानदाराकडून बिल फाडलंत तर अनुदान गेलं, मग तो कितीही म्हणो 'साहेब, नंतर बघू'.