बेळगावातली नवी बार-हॉटेलं: 10 महिने फिरल्यावरचा अनुभव

श्रावण लागलाय. घरात अंडंसुद्धा बंद, त्यामुळं आमची शनिवारची बैठक आता थेट गणपती झाल्यावर. हात मोकळे आहेत तोवर लिहून टाकतो.

गेल्या वर्षी विसर्जनाची मिरवणूक आटोपल्यावर आम्ही चौघांनी ठरवलं की कॅम्पातल्या त्याच ठिकाणी बसून तोच चिकन सुक्का खाणं पुरे झालं. दोन वर्षांत शहरात एवढी हॉटेलं निघाली, कॉलेज रोड म्हणू नका, टिळकवाडी म्हणू नका, काकतीपर्यंत हायवेला बोर्ड लागलेत, आणि आपण पोरांच्या मोबाईलवर फोटो बघत बसायचं? एक शनिवार सोडून एक, नवं ठिकाण. नवं म्हणजे उघडून वर्ष न झालेलं. मी उद्यमबागेत मशीन शॉपवाला. बाकीचे एक मास्तर, एक वकील आणि एक एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी. एमआर पीत नाही, म्हणून गाडी त्याची आणि त्याचं जेवण आमच्या तिघांत. दारू पिऊन गाडी चालवताना सापडलं तर 2019 पासून पहिल्याच खेपेला 10,000 रुपयांपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, असं वकिलानं पहिल्याच दिवशी ऐकवलं. त्या हिशेबानं एमआरचं जेवण स्वस्तच पडतं.

एकूण 13 ठिकाणं झाली आणि बैठका 22. आकडे जुळत नाहीत, कारण काही ठिकाणी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा गेलो. खरं तर लिहिण्यासारखं जे काही कळलं ते या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच कळलं.

एक ठिकाण घ्या. तिसऱ्या मजल्यावरचं रूफटॉप. नोव्हेंबरात गेलो तेव्हा उघडून तीन आठवडे झाले होते. मालक स्वतः जिन्याच्या तोंडाशी उभा. "या या, वकीलसाहेब!" वकिलाला तो ओळखत नव्हता, पण पांढरा शर्ट बघून अंदाज बांधला असावा. थंडी छान, वारा छान, पिवळे दिवे. कबाबाची प्लेट आली ती तापलेली, लिंबू पिळल्यावर चर्रर आवाज आला. तंदुरी रोटी टोपलीत कापडाखाली, मधोमध फुगलेली, कडेला काळे टिपके. मास्तर सहा रोट्या जेवले. मी घरी येऊन पाच स्टार दिले. काउंटरवरचा पोरगा म्हणाला होता, इथंच उभ्या उभ्या स्टार दिले तर गुलाबजाम फ्री. मी घरी दिले, म्हणजे गुलाबजामही गेला.

तेच ठिकाण फेब्रुवारीच्या शेवटी. जिन्यात कोणी नाही. गल्ल्यावर एक पोरगा, कानात इअरफोन. रोटी आली ती चामड्यासारखी, मधे कच्ची. मी वेटरला विचारलं, काय झालं रे? पोरगा नेपाळचा होता, खरं सांगून मोकळा झाला: तंदूरवाला होळीसाठी म्हणून आधीच गावी गेला, आता येईल असं वाटत नाही, पगाराचं काहीतरी वाजलं. मग रोटी कोण करतंय? "मैं ही कर रहा हूँ सर." त्या पोराला काय बोलणार. दोन रोट्या गप खाल्ल्या आणि बाकी भातावर भागवलं.

तेव्हापासून माझी एक सवय झालीय. आत शिरताना आधी गल्ल्याकडं बघायचं. पहिला महिना मालक तिथंच असतो, त्याची बायको, मेव्हणा, सगळे असतात. भाजी कोण आणतो, मटण कुठल्या खाटकाकडचं, सगळ्यावर डोळा. चौथ्या महिन्यात तो दुसऱ्या धंद्याकडं वळतो आणि हॉटेल मॅनेजरवर सोडतो. आमच्या 13 पैकी पाच ठिकाणी मला हेच दिसलं. माझ्या स्वतःच्या मशीन शॉपचंही तसंच आहे म्हणा, मी दोन दिवस परगावी गेलो की रिजेक्शन, म्हणजे नापास माल, वाढतं.

बिलाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथं आम्ही शिकलो आणि पैसेही वाचवले. जानेवारीत एका चकचकीत ठिकाणी बिल आलं. जेवण 1,460, बिअर आणि इतर दारू 1,890, एकूण 3,350. खाली सर्व्हिस चार्ज 10 टक्के म्हणजे 335. त्याखाली जीएसटी 5 टक्के, 167 रुपये 50 पैसे. मास्तर गणिताचे. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, हे पाच टक्के कशावर लावलेत? दारूवर जीएसटी लागतच नाही, तिच्यावर राज्याचा कर आधीच दरात धरलेला असतो. जीएसटी फक्त जेवणावर, म्हणजे 73 रुपये. चूक 94 रुपये 50 पैशांची. मॅनेजर आला, म्हणाला सिस्टीमच तशी आहे. मास्तर म्हणाले, मग सिस्टीमला बोलवा. शेवटी पेननं खोडून दिलं. सर्व्हिस चार्जचंही तेच. 2022 च्या जुलैत ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं सांगितलंय की तो बिलात आपोआप लावायचा नाही, आणि 2025 च्या मार्चमध्ये दिल्ली हायकोर्टानंही ते उचलून धरलं. वकिलानं हे शांतपणे सांगितलं, आवाज चढवला नाही. 335 बिलातनं गेले. त्यातले 200 आम्ही वेटरच्या हातात दिले, कारण चूक त्याची नव्हती. एक सांगतो, ही हुज्जत बसल्या बसल्या घालायची. उठून दारात गेल्यावर घातली तर मागच्या टेबलावरचे बघतात आणि आपणच कंजूस ठरतो.

आता मासे. आमच्याकडं माशाची हौस कोकणाएवढीच, समुद्र तेवढा घाटाखाली राहिला. कारवार, गोवा, मालवण, तिन्हीकडून माल येतो आणि बऱ्याच नव्या हॉटेलांनी 'गोवन थाळी' लावलीय. एप्रिलमध्ये एका ठिकाणचा बांगडा फ्राय असा होता की वकील काटेसुद्धा चोखत बसला. रवा पातळ, आत मसाला आंबटसर, मणक्याजवळचं मांस ओलसर. त्याच ठिकाणी जुलैत गेलो. बोर्डावर खडूनं 'आजचा ताजा सुरमई'. आता 1 जून ते 31 जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी वेटरला म्हटलं, अण्णा, ही सुरमई कुठून आली बे? तो हसला, म्हणाला, "फ्रीजमधनं आली की, सर." त्याला मी पैकीच्या पैकी मार्क दिले. बोर्ड लिहिणाऱ्याला नाही. पावसाळ्यात जायचं असेल तर मटण घ्या, सुकट घ्या, खेकडे विचारा. सुरमईच्या वाटेला जाऊ नका.

ड्राफ्ट बिअरचंही थोडं असंच. पिचर स्वस्त दिसतो म्हणून मागवतो आपण. पण केग, म्हणजे बिअरचं पिंप, एकदा फोडला की बिअर दिवस मोजायला लागते, आणि जिथं शनिवारी सोडून गर्दीच नाही तिथं मंगळवारी फोडलेल्याचा उरलेला भाग शनिवारी तुमच्या ग्लासात. फेस नाही, चव गुळमट. एका ठिकाणी तर बिअरचा मग धुतलेला होता पण पुसला होता रश्श्याच्या फडक्यानं, कडेला तेलाचा इंद्रधनुष्य तरंगत होता. तेल लागलं की फेस बसतो, हे मला मशीनच्या कूलंटवरून ठाऊक. तेव्हापासून बाटली, समोर फोडलेली. कॉकटेलांवर मी काही लिहीत नाही. पुदिना, सोडा आणि भरपूर बर्फ घालून साडेचारशे रुपये घेतात, एवढंच.

शेजारच्या टेबलावर मात्र दर वेळी एक तरी शहाणा भेटतो: "ह्यापेक्षा गोव्यात निम्म्यात मिळतंय की, चोर्ल्यातनं दोन बाटल्या आणल्या असत्या." आणा की. वाटेत कणकुंबीला अबकारी नाक्यावर गाडीची डिकी उघडायला लावली की कळेल निम्म्यात म्हणजे किती.

डिसेंबरात सुवर्णसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं ते दिवस टाळा. लॉजच्या खोल्या भरलेल्या, पार्किंगला सरकारी गाड्या, आणि वेटरचं लक्ष मोठ्या टेबलाकडं. आम्हाला एका ठिकाणी सोळकढी यायला चाळीस मिनिटं लागली. तसंच शिवजयंतीच्या चित्ररथांच्या रात्री, पण त्या रात्री हॉटेलात बसायचं असतंच कुणाला. रामदेव गल्लीच्या कोपऱ्यावर उभं राहून भडंग खायचं असतं.

आणि रूफटॉप पावसात? विचारूच नका. बेळगावचा पाऊस वरून कमी, आडवा जास्त. जूनमध्ये पत्रा घातलेल्या एका गच्चीवर बसलो तर पत्र्याच्या आवाजानं ऑर्डर ओरडून द्यावी लागली. पनीर टिक्का सांगितलं, चिकन टिक्का आलं. एमआरचा शनिवारचा उपास. त्यानं अर्धा तुकडा खाल्ल्यावर कळलं. घरी सांगितलेलं नाही, तेवढं इथं वाचून कुणी सांगू नये.

भाषेची एक गंमत. दारावरची पाटी नियमाप्रमाणं मोठ्या कन्नडात, मेनू कार्ड सगळं इंग्रजीत, वेटर हिंदीत बोलणार, आतला आचारी कुंदापूरचा, आणि बिलावरून भांडण मराठीत. माझ्या आईला एकदा घेऊन गेलो. तिनं मेनू हातात धरला, उलटा केला, आणि वेटरला म्हणाली, "भाकरी हाय का बाबा, ते सांग." नव्हती. सिझलर होतं, थाय करी होती, तीन प्रकारचे पास्ते होते. जोंधळ्याच्या मुलखात हॉटेल काढलंय आणि भाकरी नाही! आई डाळ-भात खाऊन आली आणि आठ दिवस सगळ्या गल्लीला सांगत होती.

म्हणून ज्या एका ठिकाणाबद्दल लिहायला मला खरंच बरं वाटतं, ते वेगळं. शहापूरच्या बाजूला नवरा-बायकोनं काढलेलं, सहा टेबलं, बार नाही. दारूवाले आम्ही तिथं चार वेळा गेलो यातच काय ते समजा. दारातनं चूल दिसते. बाई भाकरी थापतात, हातावर नाही, परातीत, पिठाचा उंडा पसरत पसरत, आणि पाण्याचा हात फिरवून तव्यावर. ताटात गरम भाकरी, एण्णेगाई म्हणजे भरली वांगी, शेंगाची चटणी, कारळ्याची चटणी, दह्याची वाटी, कच्चा कांदा. मटण फक्त बुधवारी आणि रविवारी, रस्सा काळसर, सावजी वळणाचा, पहिल्या घासाला साधा वाटतो आणि तिसऱ्याला कानामागं घाम येतो. सोबत भात येतो तो बारीक, वासाचा. मी विचारलं, बासमती? नवरा म्हणाला, आपल्या येळ्ळूर शिवारातला, लांब दाण्याचा न्हवं. बिल चौघांचं मिळून बाराशेच्या आत. ऑक्टोबरात गेलो, जानेवारीत गेलो, मे महिन्यात गेलो, जुलैत गेलो. चव जराही हलली नाही, कारण गल्ल्यावर तोच नवरा आणि चुलीपुढं तीच बाई. नाव इथं लिहीत नाही. टेबलं सहाच आहेत आणि आम्हाला बसायला जागा हवी.

त्यात तक्रार नाही असं नाही. हात धुवायची जागा मागच्या बोळात, दिव्याशिवाय. यूपीआयचा स्कॅनर कधी चालतो कधी नाही. रात्री साडेनऊनंतर गेलात तर भाकरी संपलेली. बायको-पोरींना घेऊन गेलो तेव्हा मात्र तिथं जेवढं निवांत वाटलं तेवढं कुठल्याही 'फॅमिली सेक्शन'मध्ये वाटलं नाही. त्या सेक्शनांत एसी असतो, पण शेजारच्या बारमधलं गाणं भिंतीतनं येत राहतं, आणि लेडीज टॉयलेटची वाट बारमधूनच. हे बांधताना कुणाच्या लक्षात कसं येत नाही, कोण जाणे. धाकटी म्हणाली, पप्पा, तुम्ही इथंच येत जावा की.

13 पैकी पुन्हा जाईन अशी चार. एक वरचं शहापूरचं. एक बांगड्यावालं, पण ऑगस्टच्या पुढं. एक हायवेवरचं, जिथं मालक तीन महिन्यांनंतरही रात्री अकराला स्वयंपाकघरात उभा दिसला, घामाघूम. आणि चौथं ते नोव्हेंबरातलं रूफटॉप. हो, तेच. मे महिन्यात सहज वर डोकावलो तर नवा तंदूरवाला आलाय, आणि तो रोटी करणारा नेपाळी पोरगा आता त्याच्या हाताखाली शिकतोय. मला बघून हसला. टोपली आणली, कापड बाजूला केलं आणि मी पहिला तुकडा मोडेपर्यंत हलला नाही. फुगली होती.

आता मास्तरांच्या साडूनं खानापूर रोडला नवं बार अँड रेस्टॉरंट काढलंय. गणपती झाल्या झाल्या उद्घाटन, चौघांना आमंत्रण, पहिली फेरी मालकाकडून. मास्तरांनी फोनवर त्याला सांगून टाकलं, "आम्ही जानेवारीत येतो." साडू रुसलाय. मास्तरांच्या घरात दोन दिवस त्यावरून अबोला आहे.