७ एमएम मॅग्नम खांद्यावर, थर्टी-ऑट-सिक्स ट्रकमध्ये: एका एल्क सीझननंतर

निकाल आधीच सांगतो. मुख्य रायफल, ७ एमएम, चांगली आहे, तिचं मॅगझिन (काडतुसांची डबी) भिकार आहे आणि कंपनीची ग्राहकसेवा त्याहून भिकार. टॅग (एक एल्क, म्हणजे इथलं मोठं हरीण, मारायचा परवाना) भरला तो बॅकअप म्हणून घेतलेल्या जुन्या विंचेस्टरने. कोलोरॅडोत ड्रॉची, म्हणजे टॅगच्या सोडतीची, मुदत एप्रिलच्या सुरुवातीला संपते, डेन्व्हरकडची आपली काही मंडळी यंदा पहिल्यांदाच एल्कला जायचं म्हणताहेत आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: कुठली रायफल घेऊ, आणि दुसरी खरंच लागते का? म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

कॅलिबरवर वाद घालायचाय त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. एल्कसाठी इथे कायद्याने किमान .२४ कॅलिबर (व्यास, इंचात) आणि ८५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), आत गेल्यावर पसरणारी गोळी लागते. माझ्या दोन्ही रायफली त्याच्या कितीतरी वर आहेत. .३०-०६, म्हणजेच थर्टी-ऑट-सिक्स, हे १९०६ चं लष्करी काडतूस, ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम १९६२ चं. तीनशे यार्डांच्या आत दोघांतला फरक एल्कला कळत नाही, आपल्या खांद्याला मात्र चांगला कळतो.

मुख्य रायफल कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही, कारण ईमेलांची हाणामारी अजून चालू आहे. ७ एमएम मॅग, स्टेनलेस नळी, सिंथेटिक दस्ता, स्कोपशिवाय साडेसहा पौंड. उन्हाळाभर रेंजवर वापरली. चाप स्वच्छ सुटतो, बोल्ट कुठे अडकत नाही, शंभर यार्डांवर तीन गोळ्या इंचभरात बसतात. इतक्या हलक्या रायफलीत मॅग्नमचा धक्का जोरात बसणारच, ती तक्रार नाही.

तक्रार मॅगझिनची. तीन काडतुसांची, खालून काढता येणारी प्लास्टिकची डबी. तिची कळ रायफलीच्या पोटाशी, मॅगझिनच्या अगदी पुढे. दुकानात खटकन बसते, खटकन निघते, बरं वाटतं. पाठीवर सॅक घेऊन रायफल खांद्याला लटकवली की हीच कळ सॅकच्या कमरपट्ट्याच्या बकलवर घासते, हे दुकानात कळत नाही. रेंजवरही कळत नाही, कारण रेंजवर सॅक घेऊन कोण जातं?

दुसरा रायफल सीझन, ओव्हर द काउंटर (सोडतीशिवाय मिळणारा) बुल, म्हणजे नराचा, टॅग. आय-७० वर ग्लेनवूड स्प्रिंग्ज मागे टाकायचं, रायफल नावाच्याच गावाला हायवे सोडायचा आणि वर मीकरकडे. फ्लॅट टॉप्सच्या उतारावर अॅस्पेनची आडवी पडलेली झाडं, त्यावर घोटाभर बर्फ, दर दहा पावलांना पाय उचलून ओंडका ओलांडायचा. चालताना मी चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) रिकामं ठेवतो. उजाडल्यावर बऱ्याच वेळाने समोरच्या मोकळवनात माद्या दिसल्या आणि त्यांच्यामागून एक नर. नियमाने नराच्या एका शिंगाला चार फाटे हवेत, नाहीतर पाच इंची ब्राउ टाइन (कपाळाजवळचा फाटा). दुर्बिणीतून फाटे मोजून खात्री केली, गुडघा टेकला, बोल्ट मागे घेऊन पुढे ढकलला. पुढे काहीच सरकलं नाही. खाली हात लावला तर मॅगझिनच्या जागी भोक.

खिशात सुटी काडतुसं होती. एक काढून वरून टाकलं, ते त्या भोकातून सरळ खाली बर्फात. मॅगझिन नसेल तर काडतूस बोटाने धरून नळीच्या तोंडात ढकलावं लागतं. हातमोजे, घाई आणि थंडीत ते जमेपर्यंत माद्या झाडीत गेल्या आणि नर त्यांच्यामागोमाग. मॅगझिन शोधायला आलेल्या वाटेने उलटा चाललो. काळं प्लास्टिक, पांढरा बर्फ, सापडायला हवं होतं. नाही सापडलं.

आता बॅकअपबद्दल. विंचेस्टर मॉडेल ७०, .३०-०६, १९६४ नंतरची. जाणकार नाक मुरडतात ती हीच. त्या वर्षी विंचेस्टरने उत्पादनखर्च वाचवायला मॉडेल ७० चं डिझाइन बदललं, म्हणून त्याआधीच्या रायफलींना संग्राहक वाट्टेल तो भाव देतात आणि नंतरच्या स्वस्तात सुटतात. माझी एका गावातल्या दुकानात जुन्या मालाच्या रॅकवर पडली होती. अक्रोडाच्या दस्त्यावर ओरखडे, वर जुना ३-९ ल्युपोल्ड स्कोप. बायको म्हणाली, "एका हरणाला दोन बंदुका?" शेजारचे निवृत्त गृहस्थ आयुष्यभर एल्क मारत आलेले, ते म्हणाले, घेऊन टाका.

तिला निघणारं मॅगझिनच नाही. काडतुसं वरून बोटाने दाबून भरायची, खाली बिजागरीचं झाकण. पडण्यासारखं काही नाही. आणि सेफ्टी तीन टप्प्यांची: मधल्या टप्प्यावर काडतुसावर आपटणारी पिन अडवलेली असते, तरी बोल्ट उघडता येतो, म्हणजे सेफ्टी लावूनच चेंबर रिकामं करता येतं. पहाटे अंधारात, थंडीने बोटं वळत नसताना याची किंमत कळते. मला विचाराल तर रायफलीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, नळी-बिळी सगळं नंतर. (हो, अति बोलतोय. पण बोलणार.)

ट्रकमध्ये ती कुलूपबंद केसमध्ये होती. चढ-उतार करून ट्रकपाशी पोहोचलो तेव्हा दुपार झालेली. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने कायदेशीर वेळ संपते. त्याच उताराच्या दुसऱ्या अंगाने वर गेलो, आणि शेवटच्या उजेडात दुसराच एक नर अॅस्पेनच्या कडेला आडवा उभा. अंतर एकशे ऐंशी यार्ड. ऑट-सिक्स दोनशे यार्डांवर झिरो केलेली (त्या अंतराला नेम जुळवलेला), म्हणजे हिशेब काहीच नाही, खांद्याच्या मागे धरायचं आणि चाप दाबायचा. १८० ग्रेनची नॉस्लर पार्टिशन. ही गोळी १९४८ पासून बाजारात आहे, तिला नवं काही सिद्ध करायचं नाही. नर थोडं चालून खाली बसला.

इथपर्यंत लिहून मी ७ एमएम विकायची ठरवली होती. मग बाकीची रात्र आठवली. एल्क सांबराच्या कुळातलाच, पण पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या वर जातो. हाडं काढून टाकली तरी मांस पाठीवरून एका खेपेत येत नाही. मागच्या मांडीचं ओझं सॅकमध्ये, वर स्कोपसकट नऊ पौंडांची अक्रोडाची रायफल, आणि उतारावर तेच ओंडके. दुसऱ्या खेपेला मला साडेसहा पौंडांचं महत्त्व पटलं. म्हणून विकणं रद्द.

कंपनीची गोष्ट थोडक्यात. मी लिहिलं की कळ सैल आहे, मॅगझिन चालताना पडलं. उत्तर आलं: मॅगझिनचा फोटो आणि त्यावरचा क्रमांक पाठवा. मॅगझिन फ्लॅट टॉप्सवर बर्फाखाली आहे, हे मी दोनदा कळवलं. मग म्हणाले, हा वापराने होणारा घसारा, वॉरंटीत बसत नाही. हवं तर रायफल स्वखर्चाने, विमा उतरवून पाठवा, तपासू. नवं मॅगझिन वेगळं विकत घ्या. किंमत ऐकून मी फोन ठेवला. एवढ्या पैशात ऑट-सिक्सच्या काडतुसांचे डबे येतात.

शेवटी गावातल्या गनस्मिथकडे नेली. त्याने कळीची स्प्रिंग काढून टेबलावर ठेवली, बोटाने दाबून दाखवली, शेजारी एक जाडसर ठेवली. बारा डॉलर, मजुरीसकट. आता कळ दाबायला अंगठ्याचा जोर लागतो. सॅक पाठीवर घेऊन, रायफल लटकवून, घरामागच्या टेकडीवर मुद्दाम उड्या मारून पाहिलं, मॅगझिन हललं नाही. राग मात्र वाढला: बारा डॉलरची स्प्रिंग कारखान्यातच घालायला काय झालं होतं?

तर नव्या मंडळींना. दोन्ही रायफलींचं काडतूस एकच असावं असं मीही आधी मानत होतो, डबे वाटून घेता येतात म्हणून. आता वाटतं, त्यापेक्षा दोघींचं बिघडण्याचं ठिकाण वेगळं असणं जास्त कामाचं. एकीला सुटं मॅगझिन असेल तर दुसरीला नको. काडतुसं वेगळी असतील तर ती वेगळ्या खिशात आणि वेगळ्या डब्यात, अंधारात चाचपडायला नको. आणि बॅकअप झिरो करून ठेवा. ट्रकमध्ये नुसती पडलेली, मागच्या वर्षी कधीतरी नेम लावलेली रायफल बॅकअप नव्हे, वजन आहे.

एच-१बी वाल्यांसाठी एक: नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे, पण राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर अपवाद मिळतो. आधी परवाना, मग दुकान. ग्रीन कार्डवाल्यांना ही भानगड नाही. हंटर एज्युकेशनचं कार्ड १ जानेवारी १९४९ ला किंवा नंतर जन्मलेल्या सगळ्यांना लागतं, म्हणजे तुम्हाला लागतंच.

यंदा पुन्हा ७ एमएम खांद्यावर, ऑट-सिक्स ट्रकमध्ये. मॅगझिनभोवती काळ्या टेपचा एक वेढाही असेल, स्प्रिंगवर भरवसा आहे तरी. कंपनीने काल पंधरा टक्के सवलतीचं कूपन पाठवलंय. बारीक अक्षरात लिहिलंय, मॅगझिनला लागू नाही.