दोन स्क्रीन, अडखळणारा गेम: जुना मॉनिटर ठेवावा, जोडणी बदलावी की नवा घ्यावा?

१४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणाऱ्या मॉनिटरशेजारी जुना ६० हर्ट्झवाला लावला आणि गेम अडखळायला लागला, की पहिला संशय जुन्या मॉनिटरवर जातो. म्हापशाच्या किंवा मडगावच्या दुकानात जाण्याआधी एवढं बघा: गेममध्ये एका जागी थांबून फ्रेमरेट (कार्ड सेकंदाला किती चित्रं बनवतं तो आकडा) टिपा, दुसऱ्या मॉनिटरची केबल काढा, पुन्हा टिपा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. बरेच मॉनिटर तसेही विंडोजला जोडलेलेच दिसतात. आकडा तोच राहिला तर दुखणं वेगळं आहे. वाढला तर केबल लावा आणि त्या स्क्रीनवरचा ब्राउझर बंद करून बघा. रिकामा डेस्कटॉप दाखवायला ग्राफिक्स कार्डाला फारसे कष्ट नसतात, भार पडतो तो व्हिडिओ आणि स्ट्रीमचा.

आहे तेच ठेवणं. खर्च शून्य, आणि बहुतेकांचं काम इथेच होतं. डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये मुख्य मॉनिटर खरंच १४४ वर आहे का बघा. केबल बदलल्यावर तो कधीकधी गुपचूप ६० वर येतो. विंडोज १० ची २००४ आवृत्ती, म्हणजे मे २०२० चं अपडेट, त्याआधीची असेल तर दोन वेगवेगळ्या रिफ्रेश रेटमुळे (म्हणजे हर्ट्झच्या आकड्यांमुळे) अडखळणं बऱ्याचदा होतं. आधी अपडेट करा. बॉर्डरलेसमध्ये (स्क्रीनभर पसरलेल्या बिनचौकटीच्या विंडोमध्ये) त्रास असेल तर फुलस्क्रीन करून बघा. जी-सिंक (मॉनिटरचा वेग गेमच्या फ्रेमरेटशी जुळवणारी एन्व्हिडियाची सोय) वापरत असाल तर ते विंडो मोडसाठीही चालू आहे का, हे एन्व्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये तपासा. कार्ड काही न करताही तापत असेल तर १४४ चं १२० करून बघा. ६० ची पट जुळली की बऱ्याच कार्डांच्या मेमरीचा वेग निवांत वेळी खाली येतो. मे महिन्यात बिनएसी खोलीत हा फरक जाणवतो.

दुसरा मॉनिटर मदरबोर्डला जोडणं. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स हवं. इंटेलच्या नावात शेवटी ‘एफ’ असेल तर विषय संपला, रायझन ५६०० मध्येही ते नसतं. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) मल्टी-मॉनिटरचा पर्याय चालू करा, मग विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ब्राउझरला ‘पॉवर सेव्हिंग’ द्या. ही दुसरी पायरी राहिली तर ब्राउझर मोठ्या कार्डावरच चालू राहू शकतो. गेम चुकून त्या स्क्रीनवर उघडला तर प्रत्येक फ्रेम एका ग्राफिक्सकडून दुसऱ्याकडे जाते आणि वेग पडतो.

सारख्या रिफ्रेश रेटचा नवा मॉनिटर. अडखळणं जाईल, पण व्हिडिओचा भार तसाच राहील. दोन स्क्रीनऐवजी एकच अल्ट्रावाइड (जास्त रुंद मॉनिटर) घ्यायचा मोह असेल तर हिशेब करा: ३४४० × १४४० म्हणजे २५६० × १४४० पेक्षा ३४ टक्के जास्त पिक्सेल, आणि ते सगळे गेमलाच रंगवायचे. मध्यम कार्ड असेल तर हा सौदा तोट्याचा.

गोव्यात आणखी एक गोष्ट. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या, दमट हवेत एचडीएमआयची टोकं काळवंडतात. मग स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते आणि दोष ड्रायव्हरला दिला जातो. केबल बदलून बघा. पोर्ट पुसायचं तर पीसी बंद करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने. पावसाळ्यात वीज जाते म्हणून ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर तो साधारण ३६० वॅटच देतो. गेमिंग पीसी भरात असताना दुसऱ्या मॉनिटरचे २०-३० वॅट त्याला आडवे करायला पुरे होतात. म्हणून तो मॉनिटर यूपीएसवर न लावता थेट भिंतीवरच्या स्विचबोर्डावर लावा.